तापलेला जॉब

दयानंदच्या हाताखाली काम केलेल्या माणसाला दुसरं काही आठवो न आठवो, एक वाक्य जन्मभर आठवायचं: तापलेला जॉब मापायचा नाही.

बेंगळूरच्या पीण्या भागातल्या एका लहानशा कारखान्यात पंपाचे शाफ्ट बनायचे आणि दयानंद तिथला तपासनीस. लेथवरून उतरलेला प्रत्येक शाफ्ट, कारखान्याच्या भाषेत जॉब, त्याच्या टेबलावर यायचा. तो मायक्रोमीटर लावायचा, डोळे बारीक करायचा आणि शाफ्टच्या टोकाला ऑइलपेंटचा एक ठिपका द्यायचा. हिरवा म्हणजे पास. लाल म्हणजे भंगार. पिवळा म्हणजे दुरुस्तीला. काम बाकी आहे, पण टाकायचा नाही. या तीन डब्यांवर त्याचा एवढा जीव होता की लोक म्हणायचे, हा घरी पोळीलासुद्धा ठिपका देत असणार. तसं काही नव्हतं. मनातल्या मनात मात्र तो द्यायचा, आणि त्याची बायको रंजिता ते त्याच्या तोंडावरून ओळखून कच्ची पोळी मुकाट्यानं परत तव्यावर टाकायची.

लोखंड तापलं की फुगतं हे शाळेत सगळ्यांनाच शिकवतात. पण जेवणाच्या घंटेआधी चार शाफ्ट जास्त काढायचे असले की शाळा कुणाला आठवते? नरसिंह नावाचा एक टर्नर होता, हाताचा कसबी पण स्वभावाचा उतावळा. गरम शाफ्टलाच मायक्रोमीटर लावायचा, माप जास्त दिसलं की आणखी थोडं कापायचा, बरोबर आलं की खूश. जेवून येईतो शाफ्ट गार होऊन आकसलेला असायचा आणि बेअरिंगमध्ये खुळखुळायचा.

“अरे बाबा, तापलेला जॉब खोटं बोलतो,” दयानंद त्याला कन्नडमध्ये झापायचा. “ती ऊब त्याची स्वतःची नसते. टूल घासून आलेली असते. ती उतरू दे, मग विचार त्याला, तू कोण म्हणून.”

“सरी, सरी,” म्हणजे बरं, बरं, असं नरसिंह म्हणायचा आणि पुढचा शाफ्ट पुन्हा गरमच मापायचा.

हे प्रवचन दयानंद घरी जेवतानाही करायचा. लग्न झाल्यापासून रंजितानं ते इतक्यांदा ऐकलं होतं की लेथ न बघताही तिला तो चालवता आला असता. असा हा माणूस, आणि त्यानंच पुढं काय केलं ते ऐका. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण म्हणतात ते काही उगाच नाही.

दोघंही निपाणीकडचे. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड, आणि भांडताना दोन्ही. लग्नानंतर वर्ष-दीड वर्षात, बेंगळूरला यायच्या आधी, रंजिताचं पहिलं मूल पोटातच गेलं आणि रक्त थांबेना. तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी रक्ताची बाटली आणायला सांगितली. दयानंद धावला. एका खासगी रक्तपेढीतून त्यानं ती मिळवली, बर्फाच्या पिशवीत घालून, टेम्पोत मांडीवर धरून आणली, आणि रंजिता वाचली. पुढं कितीतरी दिवस तो ती हकीकत लोकांना सांगायचा आणि सांगताना त्याची छाती फुगायची.

सत्त्याण्णव सालच्या पावसाळ्यात रंजिताला पुन्हा दिवस गेले. वर्षाअखेरीला बेंगळूरच्या इस्पितळात रक्ताच्या नेहमीच्या तपासण्या झाल्या आणि त्यातली एक नेहमीसारखी आली नाही. एचआयव्ही. मग दयानंदचंही रक्त तपासलं, ते निर्मळ निघालं. मग उरली ती बाटली.

जन्मभर प्रत्येक वस्तू मापून घेणाऱ्या माणसानं एकच वस्तू न तपासता आणली होती, आणि ती नेमकी बायकोच्या अंगात गेली होती. दयानंद इस्पितळाच्या पायरीवर बसून लहान पोरासारखा रडला. रंजिता शेजारी येऊन बसली. तिचं रडणं आत, बाकावरच उरकून झालं होतं.

“त्या बाटलीला शिव्या घालायच्या न्हाईत,” ती म्हणाली. “तिच्यामुळंच मी हितं बसलीय. आता पोटातल्याचं काय करायचं ते बोला.”

पोटातल्याचं काय करायचं ते डॉक्टर श्यामलांना ठाऊक होतं. बाई धारवाडच्या, त्यामुळं पेशंट कोणत्या भाषेतून घाबरलाय ते बघून त्या त्याच भाषेतून धीर द्यायच्या. टेबलाच्या खणात शेंगदाण्याची चिक्की आणि टेबलावर परदेशी वैद्यकीय मासिकांच्या झेरॉक्स प्रतींचा ढीग. पहिल्याच दिवशी त्यांनी रंजिताच्या हातावर चिक्की ठेवली आणि दयानंदच्या हातावर निरोधची पाकिटं. “तुमचं रक्त चांगलं आलंय हे नशीब. आता नशिबावर सोडायचं नाही,” त्या म्हणाल्या. दयानंदनं ती पाकिटं जेवणाच्या डब्यात लपवून घरी नेली, आणि डबा उघडल्यावर रंजिता त्या आठवड्यात पहिल्यांदा हसली.

“आईला औषध देऊन बाळाला वाचवता येतं,” डॉक्टरांनी सांगितलं. “अमेरिकेत चारेक वर्षांपूर्वीच सिद्ध झालंय. एझेडटी म्हणून औषध आहे. पण त्यांची पद्धत लांबलचक. कितीतरी महिने गोळ्या, बाळंतपणात शिरेतून, नंतर बाळालाही. आपल्याला झेपेल असं काही निघतंय का, ते मी रोज बघतेय.”

आणि निघालं. फेब्रुवारीच्या अखेरीला रंजिता तपासायला गेली तेव्हा डॉक्टर आनंदानं खुर्चीत मावत नव्हत्या. थायलंडहून बातमी आली होती. तिथं शेकडो बायकांवर करून बघितलं होतं: फक्त शेवटच्या महिन्यात सकाळ-संध्याकाळ गोळी, कळा सुरू झाल्या की दर तीन तासांनी एक, आणि बाळाला अंगावर पाजायचं नाही. एवढ्यावर लागण व्हायचा धोका निम्म्यावर आला होता. गोळ्याही आता आपल्याच देशात बनत होत्या.

“निम्म्यावर?” दयानंद म्हणाला. त्याच्या टेबलावरून निम्मा पास झालेला शाफ्ट कधी गेला नव्हता.

“निम्म्यावर. शून्यावर म्हणाले असते तर खोटं बोलले असते.”

“निम्मं तर निम्मं,” रंजिता म्हणाली. “गोळ्या द्या.”

एप्रिलात कळा सुरू झाल्या तेव्हा दयानंद गजराचं घड्याळ घेऊन वॉर्डाच्या दारात बसला. गोळीची वेळ झाली की ते असं काही खणखणायचं की शेजारच्या खाटांवरच्या बायका दचकून उठायच्या. दुसऱ्या खणखणाटानंतर नर्सनं घड्याळ जप्त केलं. गोळ्या मी देते, तुम्ही बाहेर जाऊन कॉफी प्या, म्हणाली. त्याची कॉफी संपायच्या आत मुलगी झाली. रंगानं आजीवर, आवाजानं घड्याळावर. तिचं नाव सुखदा ठेवलं.

आजी म्हणजे दयानंदची आई, कृष्णाबाई. बाळंतपणासाठी त्या निपाणीहून तीन गाठोडी घेऊन आल्या होत्या. एकात डिंकाचे लाडू, एकात जुन्या लुगड्यांची दुपटी आणि एकात बाळंतिणीला दूध यावं म्हणून हळीव आणि शतावरी. हे तिसरं गाठोडं सोडायचं नाही हे त्यांना सांगायचं कुणी? रंजितानंच सांगितलं, डॉक्टरांना शेजारी उभं करून, बाटलीपासून सगळं. दयानंद भिंतीला टेकून उभा होता. आता आई काय बोलेल या धास्तीनं तो तिसऱ्या गाठोड्याकडंच बघत होता.

कृष्णाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. “वाटी-चमच्यानं पाजलं तर चालतंय न्हवं?” त्यांनी विचारलं.

“चालतं की,” डॉक्टर म्हणाल्या. “दुधाच्या बाटलीपेक्षा बरं. पण वाटी उकळून घ्यायची आणि पाणीही उकळून घ्यायचं.”

“मग ते माझ्याकडं लागलं,” म्हातारी म्हणाली आणि तिनं सुनेच्या डोक्यावरून हात फिरवला. “दूध कुठनं आलं ते पोरीचं पोट काय विचारत न्हाई.”

दयानंदला त्या क्षणी आईच्या पाया पडावंसं वाटलं. पण तिनं त्याला वाटी आणायला पिटाळलं होतं.

ते राहायचे कारखान्याजवळच्या दासरहळ्ळीत. एका अंगणाभोवती पाच-सहा बिऱ्हाडं आणि नळ एक. धडधाकट आई असताना पोर वाटीनं का पितंय, हा प्रश्न नळावर यायचाच. एकीला कृष्णाबाईंनी सांगितलं, आमच्या कुळात पहिल्या मुलीला वाटीनंच पाजायची रीत आहे. दुसरीला सांगितलं, सुनेच्या अंगात उष्णता फार. तिसरीला सांगितलं, ही अमेरिकेची नवी पद्धत, पेपरात आलंय. मग एक दिवस तिघी एकदम नळावर भेटल्या आणि एकमेकींना पुसू लागल्या. कृष्णाबाईंनी बादली खाली ठेवली, पदर खोचला.

“अय्यो, म्हंजे तिन्ही खरंच हाईत की!” त्या म्हणाल्या आणि घरात जाऊन तिघींना एकेक डिंकाचा लाडू आणून दिला. तोंडात डिंकाचा लाडू असला की माणसाला पुढचं विचारता येत नाही, हा त्यांचा जन्माचा अनुभव होता.

घरात सगळं असं मार्गी लागलं होतं. लागलं नव्हतं ते दयानंदचं चित्त. सुखदाला लागण झालीय की नाही हे कळायला दीड वर्ष थांबायचं होतं. डॉक्टरांनी ते घरी सोडायच्या दिवशीच सांगितलं होतं, का थांबायचं तेही सांगितलं होतं, आणि यानं मानही हलवली होती. पण हातात पहिल्यांदाच पोर धरलेल्या बापाच्या कानात काय शिरणार? त्याच्या ध्यानात राहिलं ते एवढंच, की शेवटची तपासणी दीड वर्षांनी. शेवटची! म्हणजे मधे एखादी करायला हरकत काय? कारखान्यात सगळा जॉब होईस्तोवर कोण वाट बघतं? मधे एकदा मापून घेतातच की.

तरी त्यानं आठ-नऊ महिने कसेबसे काढले. संध्याकाळी घरी आला की हात धुऊन तो पोरीच्या मानेखाली, काखेत बोटं घालून बघायचा. ताप आहे का, गाठ आहे का. पोरीला वाटायचं बाप गुदगुल्या करतोय. ती खिदळायची, आणि ती खिदळली की त्याला ती बाटली आठवायची. टेम्पोतला तो बर्फाचा गारवा त्याच्या मांडीला अजून जाणवायचा.

शेवटी जानेवारीतल्या एका सकाळी, पोरीला यशवंतपूरच्या बाजारात फुगे दाखवून आणतो म्हणून तो निघाला आणि त्यानं एक खासगी लॅब गाठली. तिथं कशासाठी म्हणून कुणी विचारलं नाही. सुखदानं लॅब डोक्यावर घेतली. मग त्यानं खरंच एक फुगा घेऊन दिला, म्हणजे निदान तेवढं तरी खोटं ठरू नये.

घरी आल्यावर रंजितानं पोरीच्या दंडावरचा कापूस बघितला. “हे काय ओ?”

“लस,” दयानंद म्हणाला. “गोवराची. वाटेत कँप लागला होता. म्हटलं, उरकून घ्यावी.”

“शहाणे झालाय की!” रंजिता कौतुकानं म्हणाली. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दोन-तीन दिवसांनी रिपोर्ट आला. पॉझिटिव्ह.

तो आठवडा दयानंदनं कसा काढला त्याचं त्याला ठाऊक. बाटली पोरीपर्यंत पोचली, एवढंच त्याच्या डोक्यात घुमत होतं. घरी तो रोज एक खेळणं आणायचा आणि पोरीकडं न बघता तिच्यापुढं ठेवायचा. कारखान्यात लाल रंगाचा डबा तळाला गेला. जो शाफ्ट येईल त्याला लाल.

“सार, हा गार आहे,” नरसिंह अगदी रडकुंडीला आला. “आईशप्पथ! पंख्याखाली ठेवला होता. तुम्ही सांगता तसंच केलं, पहिल्यांदाच केलं, आणि लाल?”

दयानंदनं शाफ्ट पुन्हा मापला. माप तंतोतंत बरोबर होतं. त्यानं लाल पुसून हिरवा ठिपका दिला आणि नरसिंहची माफी मागितली. नरसिंहला हा माणूस आजारी आहे याची तेव्हा खात्रीच पटली.

खोट्याच्या कपाळी गोटा म्हणतात, तो पुढच्याच आठवड्यात बसला. आरोग्यकेंद्राची नर्स घरोघर फिरत आली आणि म्हणाली, सुखदाची गोवराची लस राहिलीय. झाली की कँपात, रंजिता म्हणाली. कसला कँप, नर्स म्हणाली, या भागात कँपच झालेला नाही.

संध्याकाळी दयानंद हातात खुळखुळा घेऊन आला तर दारात बायको, तिच्यामागं आई, आणि आईच्या कडेवर सुखदा.

“कसली लस?” रंजितानं विचारलं.

“आत तर येऊ दे.”

“तिथंच उभारून सांगा.”

त्यानं उंबऱ्यात उभ्यानंच खिशातला रिपोर्ट काढून दिला. रंजितानं वाचलं आणि ती मटकन खाली बसली. कृष्णाबाईंना वाचता येत नव्हतं, पण दोघांची तोंडं वाचता येत होती. त्यांनी नातीला छातीशी घट्ट धरलं. खुळखुळा तेवढा सुखदानं बापाच्या हातातून ओढून घेतला आणि जोरात वाजवला.

त्या आवाजानं रंजिता उठली. तिनं पदर सारखा केला, चपला पायात घातल्या. “चला,” ती म्हणाली.

“कुठं?”

“डॉक्टरीणबाईंकडं. त्यांनी दीड वर्ष सांगितलं होतं. का सांगितलं होतं ते तुमी ऐकलं नसंल, मी बी नीट ऐकलं न्हाई. आता दोघं मिळून ऐकू.”

डॉक्टर श्यामलांनी रिपोर्ट बघितला, खणातून चिक्की काढली आणि रागारागानं एकटीनंच खाल्ली. “तुम्हाला कुणी सांगितलं होतं हा उद्योग करायला?” त्या दयानंदला म्हणाल्या. “आता मी काय सांगते ते दोन्ही कानांनी ऐका. या तपासणीला विषाणू दिसत नाही. विषाणूशी झुंजायला अंग ज्या अँटीबॉडी बनवतं, त्या दिसतात. कळलं?”

“कळलं.”

“आता, मूल पोटात असताना प्रत्येक आई आपल्या अँटीबॉडी त्याला देते. गोवराच्या देते, कांजिण्यांच्या देते, असतील नसतील त्या सगळ्या देते. शिदोरीच म्हणा. रंजितानं याही दिल्या. तुम्ही त्या लॅबमध्ये जे मापून आलात ते सुखदाचं नाहीच. ते आईकडून आलेलं आहे. ते हळूहळू उतरतं. दीड वर्षाच्या आत पूर्ण उतरतं. तोवर पॉझिटिव्ह आलं तरी त्यावरून काहीही ठरवता येत नाही. विषाणूच शोधणारी तपासणी निघालीय, पण ती अजून आपल्याला सहज मिळत नाही. म्हणून थांबायचं.”

दयानंदनं एकदा रिपोर्टकडं बघितलं, एकदा बायकोकडं. “म्हणजे तिच्या अंगात जे दिसलं ते तिचं स्वतःचं नाही?”

“नाही.”

“दुसरीकडून आलेलं. आणि उतरेपर्यंत थांबायचं.”

“तेच तर मघापासून सांगतेय.”

दयानंदचं तोंड उघडं पडलं. “म्हणजे,” तो हळूच म्हणाला, “जॉब तापलेला हाय.”

“काय आहे?” डॉक्टरांनी विचारलं.

रंजितानं तोंडाला पदर लावला. तिचे खांदे हलायला लागले. डॉक्टरांना वाटलं ती रडतेय, म्हणून त्या पाण्याचा ग्लास घेऊन उठल्या. ती रडतही होती, पण त्याहून जास्त हसत होती.

“सात वर्षं, बाई!” ती म्हणाली. “सात वर्षं झाली, ताटावर बसलं की एकच गाणं. गरम मापू नये, गरम मापू नये. त्या बिचाऱ्या नरसिंहाला जगू देत न्हाईत. आणि आपल्याच पोरीला गरम गरम मापून आले!”

डॉक्टरांना सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगावी लागली. मग त्याही डोळ्यांत पाणी येईतो हसल्या आणि दयानंदला चिक्कीचा तुकडा मिळाला. पण दारापर्यंत पोचवताना त्या थांबल्या. “हसा, पण एक लक्षात ठेवा. आज काहीच ठरलेलं नाही. वाईट नाही, तसं चांगलंही नाही. ऑक्टोबरात काय ते खरं.”

त्या दिवसापासून घरात दयानंदची पत गेली ती गेलीच. त्यानं कपाला हात लावला की कृष्णाबाई म्हणायच्या, “स्वल्प गार होऊ दे रे, घाई तुझी.” सुखदा चालायला लागली, भिंती धरून नळापर्यंत पोचली, बोबडं बोलायला लागली. तिच्या पहिल्या शब्दांत आजीच्या “गार”चं “गाल, गाल” होतं. दयानंद हसायचा आणि कप खाली ठेवायचा. काखेत बोटं घालून बघणं त्यानं बंद केलं. आता तो खऱ्याच गुदगुल्या करायचा.

जुलैत रंजिताच्या पाठीवर नागीण उठली. आग आग व्हायची, झोपता यायचं नाही. डॉक्टर म्हणाल्या, या आजारात अंगातली ताकद थोडी कमी झाली की असं होतं, पण बरं होईल. झालंही. मग त्यांनी झेरॉक्सच्या ढिगातनं एक कागद काढला. आता तीन औषधं एकत्र देतात, त्या म्हणाल्या, आणि अंथरुणाला खिळलेली माणसं उठून कामाला जायला लागलीत. किंमत आज आपल्या आवाक्याबाहेरची आहे. पण इथल्या कंपन्या ती औषधं बनवायला लागल्यात, स्वस्त होतीलच. “तुझ्या अंगात अजून दम आहे. तोवर तू टिकायचं, बाकीचं मी बघते.”

“टिकते की,” रंजिता म्हणाली. “माझी पोर शाळंला कोण सोडणार?”

आणि ऑक्टोबर जवळ आला. आता गंमत अशी, की ज्या माणसाला नऊ महिन्यांपुढं दम धरवला नव्हता, त्याला आता थांबायची चटकच लागली. गणपती झाले की बघू, म्हणाला. ते होऊन गेले तसं पितृपक्षात नको. मग नवरात्र बसू दे. मग पोरीला सर्दी आहे.

“दुधानं तोंड पोळलंय ना, म्हणून ताक फुंकून पितोय,” तो म्हणाला.

“फुंकून फुंकून ताक उडून चाललंय,” रंजिता म्हणाली. तिला त्याचं भय दिसत होतं, कारण तेच तिच्याही पोटात होतं. पण तिनं एका सकाळी सासूला बरोबर घेतलं, पोरीला घेतलं आणि इस्पितळात जाऊन रक्त देऊन आली. रिपोर्ट आयुधपूजेच्या, म्हणजे आपल्या खंडेनवमीच्या, दिवशी सकाळी मिळणार होता. “मी आणते. तुमी यायचं न्हाई,” तिनं बजावलं. “तुमी कारखान्यात आपली पूजा करा.”

आयुधपूजेला पीण्यात एकही मशीन चालत नाही. लेथ धुऊन पुसून तेल लावलेले, त्यांच्या मानेत झेंडूच्या माळा, दाराला केळीचे खांब, आणि चाकापासून कपाळापर्यंत सगळीकडं हळद आणि कुंकू. दयानंदनं आपल्या टेबलावर धुतलेलं धोतर अंथरलं होतं. त्यावर मायक्रोमीटर, बाजूला तीन रंगांचे डबे, प्रत्येकाला एकेक फूल. आरती झाली. उंबऱ्यात कोहळा फोडला. कामगारांच्या बायका-मुलं यायला लागली, तसा तो द्रोणातून चुरमुरे वाटायला उभा राहिला. हात वाटत होते, डोळे फाटकाकडं होते.

फाटकातून कृष्णाबाई आल्या. त्यांच्या कडेवर नवं परकर-पोलकं घातलेली सुखदा. आणि सुखदाच्या कपाळावर मोठा लाल ठिपका.

दयानंदच्या हातातला द्रोण खाली पडला. कारखान्याची मालकीणबाई फाटकात उभी राहून येणाऱ्या प्रत्येकीला कुंकू लावत होती, ते त्याला दिसतही होतं. त्याच्या स्वतःच्या कपाळावर तोच ठिपका होता. पण वर्षानुवर्षं लाल म्हणजे काय ते त्याच्या डोळ्यांना एकच ठाऊक होतं.

मागून रंजिता आली. सरळ त्याच्या टेबलाशी गेली, फूल बाजूला ठेवलं आणि एका डब्याचं झाकण उचकटलं. हिरव्या. त्यात तिनं बोट बुडवलं, सासूच्या कडेवरच्या सुखदाचा पाय धरला आणि तिच्या टाचेवर एक गोल ठिपका दिला.

“बघा,” ती म्हणाली. “गार झाल्यावर मापलंय.”

दयानंद चुरमुऱ्यांतच खाली बसला आणि मोठ्यानं रडला. कुणी बघतंय का, याची त्यानं पर्वा केली नाही. सुखदानं वाकून बापाच्या डोक्यावर हातातला खुळखुळा हाणला.

नरसिंह धावत आला. “काय झालं, सार? कुणी गेलं काय?”

“पोरगी पास झाली रे!”

“पास?” नरसिंहनं त्या दीड वर्षाच्या पोरीकडं बघितलं. “कसल्या परीक्षेत? अजून शाळेत कुठं जाते?”

तो आणखी काही विचारणार तोच कृष्णाबाईंनी पिशवीतून डिंकाचा लाडू काढला आणि त्याच्या तोंडात कोंबला.

गर्दी पुन्हा चुरमुऱ्यांकडं वळली. दयानंद डोळे पुसून उठला. रंजिता टेबलाशीच उभी होती, हिरवं बोट हवेत धरून, कुठं पुसावं ते न कळून. तिनं तीन डब्यांकडं बघितलं, मग नवऱ्याकडं.

“आणि मला कुठला लावणार?” तिनं विचारलं. हसतच विचारलं, पण विचारलं.

दयानंद लेथपाशी गेला. तिथं पूजेचं ताट होतं. त्यानं हळदीत अंगठा बुडवला, परत आला आणि सगळ्या कारखान्यासमोर तिच्या कपाळावर टेकवला.

“पिवळा,” तो म्हणाला. “काम बाकी हाय.”

“पण टाकायचा न्हाई,” रंजितानं वाक्य पुरं केलं. तिला ते पाठ होतं.

“ऑइलपेंट!” कृष्णाबाई मागून ओरडल्या. त्यांच्या नव्या लुगड्याला टाच पुसली गेली होती. “अगं, हे आता कशानं निघायचं? पोरीला काय रॉकेलनं आंघोळ घालू?”

पण रॉकेल काही लावलं नाही. दिवाळीत अभ्यंगस्नान घालताना म्हातारीनं नातीला डोक्यापासून पायापर्यंत उटणं चोळलं. डाव्या टाचेपाशी आल्यावर मात्र तिचा हात हलका झाला आणि तो ठिपका तिनं तसाच राहू दिला.